हात पंचाचा, नारळ काकांचा

रोडपाली,
१३ जानेवारी २०२६

काशिरामकाका, नमस्कार.

मी बरी आहे. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही घर डोक्यावर घेणार नाही. फोनच केला असता, पण तुमच्या कानांना काही सांगायचं म्हणजे आख्ख्या करंज्याला सांगायचं. तुमचं "काय? काय गो?" सुरू झालं की बंदरावरचा लिलावसुद्धा थांबतो. म्हणून हे पत्र तुमच्या सूनबाईंच्या टोपलीत टाकतेय. सुनीतावहिनी रोज पनवेलच्या मार्केटात मासळी घेऊन येतात, तेवढा पोस्टमन आपल्याला पुरे. कागदाला बोंबलाचा वास लागला तर मला बोलू नका.

रविवारी नेऱ्याच्या पलीकडच्या एका गावात गावदेवी कबड्डी चषकाची सेमीफायनल होती. पंच मी. एक मिनिट राहिलं होतं. यजमान गावाचा गडी चढाईला गेला आणि कोणालाही न शिवता बाजूच्या लॉबीत पाय टाकून बसला. शिवल्याशिवाय लॉबीत पाय म्हणजे बाद, हे तुम्हीच मला शिकवलंय. मी बाद दिला. तेवढ्यात प्रणित नावाचा एक पोरगा, असेल बावीस-तेवीसचा, प्रेक्षकांतून थेट मैदानात आला. "बाई, डोळे घरी ठेवून आलीस काय?" म्हणाला आणि दोन्ही हातांनी ढकललं मला. मी डाव्या हातावर पडले. मनगटाचं हाड मोडलं. दुसरे पंच स्टेजच्या मागे गेले ते गेलेच, सामना तिथेच थांबला.

आई म्हणते, झालं ते झालं, पोलिसात कशाला? मी गेले. तिथल्या ताईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, पंच काही सरकारी नोकर नाही, त्यामुळे ड्युटीवरच्या माणसाला मारल्याचं कडक कलम तुम्हाला लागत नाही. पण हाड मोडलंय, म्हणून गुन्हा दाखल करता येईल. नुसती थप्पड असती तर साधी नोंद करून घरी पाठवावं लागलं असतं. आहे की नाही गंमत? पंचाला कायदा हवा असेल तर त्याने आधी हाड मोडून घ्यायचं!

शाळेत मुलांनी प्लास्टरवर सह्या केल्यात. पीटीच्या बाईंनाच पीटीतून सुट्टी, म्हणून सातवी ब फार खुशीत आहे.

तुमची,
अंकिता


करंजा,
१६ जानेवारी

पोरी अंकिता,

तुझं पत्र वाचून मी ओरडलो. तुझी काकू गंगाबाय चुलीपाशी होती, तिच्या हातातली कढई पडली. मग तिनं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आन त्या पोराला ज्या शिव्या दिल्या त्या कागदावर लिवता येत नायत.

हाताला जपायचं. पानी लावायचं नाय. सुनीताकडं खेकडे दिलेत, त्याचं सूप पी, हाड लवकर धरतं.

आता मना एक सांग. निर्णय बरोबर होता ना? पाय लॉबीत पडलेला तू डोळ्यानं बघितलास का नुसतं वाटलं? मी इचारतोय ते रागानं नाय. लोक मना इचारतात, काशिरामशेठ, तुमच्या चेलीनं बरोबर दिलं का? मना जवाब द्यावा लागतो.

आन मी तुला पयल्या दिवशी काय सांगितलेलं? गाडीचं तोंड रस्त्याकडं करून लावायचं, चपला मैदानाच्या मागच्या बाजूला काढायच्या, आन शेवटची चढाई देताना एक डोळा वाटेवर. चाळीस वर्सं पंचगिरी केली मी, ती अशी केली. तू गाडी देवळासमोर लावलीस असं सुनीता बोलली. कोन लावतं गो देवळासमोर?

पोलिसात गेलीस ते बरं का वाईट, मना समजत नाय. आमच्याकडं मैदानातली भांडनं गावकीत मिटतात. तुझी आय बोलते ते पन ऐक. सखूबाय शानी बाई हाय.

काशिराम


रोडपाली,
२० जानेवारी

काका,

खेकडे पोचले. एक टोपलीतून पळाला आणि सोफ्याखाली गेला. आईने झाडूने काढला. सूप झकास झालं.

निर्णय बरोबर होता. पाय पूर्ण लॉबीत होता, टाच-बिच नाही, आख्खा पाय. समाधान? आता मी विचारते. समजा चुकीचा असता, तर? मग माझा हात मोडला ते ठीक झालं असतं का? तुम्ही विचारलंत, आईने विचारलं, मुख्याध्यापकांनी विचारलं, प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनीसुद्धा विचारलं, "पण मॅडम, होता का तो आऊट?" तो पोरगा आत कसा आला, हे एकानेही विचारलं नाही!

आणि गाडीचं म्हणाल तर, तुम्ही माझे गुरू, तुमच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पण बघा ना, सुतार पोराला आधी रंधा धरायला शिकवतो, तुम्ही मला आधी पळायची वाट शिकवलीत. मग नियम. आपल्याला यात काही वाटतच नाही, इतकी सवय झालीय.

शनिवारी आमच्या शाळेत पनवेल-उरणच्या पंचांना बोलावलं होतं. चार येतील म्हटलं तर हॉल भरला. कोणाचा दात गेलाय, कोणाचा चष्मा. सगळ्यांनी मिळून ठरवलं की हमीपत्रावर मंडळाने सही केल्याशिवाय त्यांच्या स्पर्धेला एकही पंच उभा राहणार नाही. हमी अशी, की मैदानाला दोरी आणि दोरीला माणसं मंडळाची. पंचाला हात लागला तर ज्यांचा समर्थक, तो संघ बाद आणि त्या गावाचा चषक दोन वर्षं बंद. पोलिसातही मंडळानेच जायचं, पंचाने एकट्याने नाही. सरकारकडे पंचांसाठी वेगळा कायदा करा म्हणून निवेदनही दिलंय. तो येईल तेव्हा येईल. तोवर हे.

पण काका, हे सगळं माझ्या तक्रारीच्या जिवावर उभं आहे. तक्रार आहे म्हणून मंडळं ऐकताहेत. उद्या मी माघार घेतली तर सगळे म्हणतील, बघा, शेवटी मिटलंच, हमी कशाला? मग पुढच्या पंचाचं माझ्यासारखं नुसतं मनगटावर भागेल असं नाही. तेवढं लक्षात ठेवून आशीर्वाद द्या.

अंकिता


करंजा,
२५ जानेवारी

पोरी,

आशीर्वाद हायतच, ते मागायचे नसतात.

या पत्रासंगती डबा धाडलाय. कोळंबीचं कालवण. नारळाचं वाटण भरपूर घातलंय, सुनीतानं पाट्यावर वाटलं, मिक्सरात नाय. तांदळाच्या भाकरीसंगती गरम गरम खा. सखूबायला पन दे.

हवा चांगली हाय. बोटी मिळवून येतात. आमचा परेस काल सुरमई घेऊन आला. पोराला आता मासळीची अक्कल आली.

मधी त्या गावचे महादेव पाटील आलते, त्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. सहजच. आमी दोघं एका काळी एकमेकांसमोर कबड्डी खेळलोय, मानूस सोन्यासारखा. त्यांच्यासंगती त्या प्रणितचा बाप होता, तुळशीराम. बिचारा रडला माझ्यासमोर. पोराला पोर्टात नोकरी लागायची हाय, गुन्हा लागला तर कागदं अडकतात. बापाचं कालीज, दुसरं काय. मना पन वाईट वाटलं.

माफ करनारा मोठा असतो गो. मी काय बोलत नाय, तू शानी हायस. कालवण गार करू नको.

काशिराम


रोडपाली,
२ फेब्रुवारी

काका,

कालवण अप्रतिम होतं. मी आणि आईने डब्याला भाकरी फिरवून फिरवून खाल्लं. हे आधी लिहिते, कारण पुढे मी भांडणार आहे.

काल रविवारी महादेव पाटील आमच्या घरी आले. हसतमुख, हातात पेढे. म्हणाले, "मॅडम, बरं झालं, मिटलं एकदाचं. आता सेमीफायनल घेऊन टाकू." मी म्हटलं, काय मिटलं? तर म्हणाले, "असं काय करता? काशिरामशेठनी नारळ घेतला ना, शालसुद्धा घेतली!"

आई आतून पाणी घेऊन येत होती, ती तशीच दारात थांबली.

काका, तुम्ही नारळ घेतलात? शालसुद्धा? माझ्यासाठी? मला न विचारता? "सहजच आलते," म्हणे! आपल्याकडे नारळ घेतला म्हणजे भांडण संपलं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि चाळीस वर्षं पंचगिरी केलेल्या माणसाला माहीत नव्हतं?

मी पोलीस ठाण्यातल्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तडजोड करायची तर ज्याला मार बसला त्यानेच करायची, आणि तीही कोर्टाच्या परवानगीने. काकाने, मामाने, गुरूने केलेली चालत नाही. म्हणजे कायद्याने काहीच मिटलेलं नाही. पण गावांना कायदा कोण सांगणार? कालपासून चार पंचांचे फोन आले. "अंकिता, तुमचं मिटलं म्हणे? मग आम्ही कशाला वाईटपणा घ्यायचा?" तिघे तर पुढच्या रविवारच्या स्पर्धेला उभे राहायला तयार झालेत, हमी नाही, काही नाही.

त्या गावकीची बैठक आठ तारखेला आहे. त्यात "मिटलं" असं जाहीर झालं की संपलं सगळं.

मला तुमचा राग आलाय. खूप आलाय. आणि राग आलाय त्यापेक्षा वाईट जास्त वाटलंय. तुम्ही तरी माझ्या बाजूने आहात असं मी धरून चालले होते.

अंकिता


करंजा,
३ फेब्रुवारी

पोरी अंकिता,

तुझं पत्र सुनीतानं दुपारी आनलं. मी वाचलं आन घडी करून खिशात घातलं. गंगाबाय बोलली, काय लिवलंय? मी बोललो, काय नाय. ती बोलली, काय नाय तर तोंड असं का सुकलंय? मग सांगावं लागलं. तवर तिला पन ठाव नव्हतं, ते लोक आले तेव्हा ती बाजारात गेलती.

ती माझ्याकडं बघून बोलली, "हात पोरीचा मोडला आन नारळ तुमी घेतला?"

एवढंच बोलली.

कसं झालं ते सांगतो. मी तुझा वडीलधारा, म्हणून ते माझ्याकडं आले. मना बरं वाटलं, मान दिला असं वाटलं. तुळशीराम रडला, महादेवनं नारळ पुढं केला, आन हात आपोआप पुढं गेला. आमच्या लोकांत कोनी नारळ दिला तर "नको" बोलायला जीभ उचलत नाय. मागनं समजलं आपन काय केलं ते. मग तुला सांगायची हिंमत झाली नाय.

आन अजून एक गोष्ट हाय. ती ऐकून हसू नको, रडू पन नको. तो नारळ मी घरात ठेवला असता तर गंगाबायनं इचारलं असतं कुठला. म्हणून मी तो सुनीताला दिला. बोललो, अंकितासाठी कोळंबीचं कालवण कर, वाटण भरपूर घाल.

तो नारळ तूच खाल्लास गो पोरी. डब्याला भाकरी फिरवून.

आठ तारखेला मी त्या बैठकीला जातो. गंगाबाय पन येते बोलते, तुमी नाय बोललात तर मी बोलीन, असं बोलते. तू येऊ नको. माझं मी निस्तरतो.

काशिराम


रोडपाली,
१० फेब्रुवारी

काका,

पत्र वाचून मी इतकी हसले की आई घाबरली. तिला सांगितलं तर ती म्हणते, "तरी मी म्हटलं वाटण एवढं गोड कसं!" म्हणजे तडजोडीचा नारळ मी खाल्ला, आईने खाल्ला, डबा धुऊन परत पाठवला. त्या महादेव पाटलांना कळलं असतं तर मी मेलेच होते!

बैठकीचं तुम्ही काहीच कळवलं नाहीत. पण महादेव पाटलांनी काल स्वतः फोन केला. सांगताना त्यांचाच आवाज बारीक झाला होता. तुम्ही देवळासमोर सगळ्यांमध्ये उभे राहिलात, नवा नारळ आणि ती शाल त्यांच्या पुढ्यात ठेवलीत. कोणीतरी ओरडलं, घेतलेला नारळ परत करतात काय कधी? तर तुम्ही म्हणालात, "पुढची चढाई सुरू व्हायच्या आधी पंचाला निर्णय फिरवता येतो. मी चुकीचा दिला. फिरवतो. हात तिचा हाय, नारळ घ्यायचा का नाय ते ती ठरवील." तुळशीराम तुमच्या पाया पडायला लागले, तर तुम्ही त्यांना उठवून म्हणालात, पाया पडायचं तर रोडपालीला जा.

गंगाकाकू काय म्हणाल्या ते पाटील सांगत नाहीत. नुसते "लई बोलल्या, लई बोलल्या" म्हणतात. त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

काका, माझा राग त्याच मिनिटाला गेला. तुम्हाला तुमच्या बरोबरीच्या लोकांसमोर असं मागे येणं किती जड गेलं असेल, मला माहीत आहे.

आणि काल संध्याकाळी तो प्रणित आला. आईवडिलांना घेऊन. मान वर करत नव्हता. "मॅडम, डोक्यात गेलं, चुकलं माझं," एवढं कसंबसं बोलला. माझ्या आईने त्याला चहा दिला, वर खारी पण दिली, बघा. मी म्हटलं, माफी घेतली. तक्रार नाही काढली. कोर्टात तारीख लागेल तेव्हा मी पण तिथे असेन, तेव्हा तुझ्या नोकरीचं काय ते मीच न्यायाधीशांना सांगेन, पण आधी तुमच्या मंडळाची सही. त्याच्या आईने मान हलवली. तिला पटलं असावं.

आज सकाळी सही झाली! पहिली सही त्यांच्याच मंडळाची. दुपारपर्यंत आणखी दोन गावांची. ते तीन पंचही परत आलेत, खाली मान घालून.

तोच सामना आता पुन्हा पहिल्यापासून खेळवणार आहेत, आठ मार्चला, त्याच मैदानावर. पंच म्हणून त्यांनी माझंच नाव मागितलंय. प्लास्टर तोवर निघेल. मी हो म्हटलंय खरं, पण खोटं कशाला बोलू, भीती वाटते. शिट्टी हातात घेतली की मनगट आपोआप आखडतं. आई म्हणते, जायचं तर जा, पण जेवून जा.

तुम्ही याल? पंच म्हणून नाही, प्रेक्षक म्हणून.

अंकिता


करंजा,
१० मार्च

पोरी अंकिता,

परवा तुझ्याशी नीट बोलताच आलं नाय. गर्दी होती, लाऊडस्पीकर होता, आन माझे कान हे असे. म्हणून लिवतो.

आमी दोघं दुपारीच आलो. पयल्या रांगेत बसलो. मैदानाला चारी बाजूनं दोरी होती आन दोरीला मंडळाची पोरं, गळ्यात ओळखपत्र घालून. त्यात तो प्रणित पन होता. मैदानाकडं पाठ करून हुबा. आख्खा सामना त्यानं बघितला नाय, लोकांकडंच बघत होता. मना ते बघून बरं वाटलं.

तू मैदानात आलीस तेव्हा गंगाबायनं माझा हात धरला. लग्नानंतर तिनं चारचौघांत माझा हात धरला तो परवाच.

आता खरं सांगतो, तू रागावू नको. शेवटच्या चढाईत तू चुकलीस.

एका गुनानं गाववाले मागं होते. त्यांच्या कॅप्टननं बोनसची रेषा वलांडली, तेव्हा त्याचा मागचा पाय उचललेला होता. पुरता हवेत. मी समोरच बसलेलो, कान गेले तरी डोळे गेले नायत. पाय असा हवेत असला की बोनसचा एक गुन मिळतो, तो त्याचा होता. दिला असतास तर सामना बरोबरीत येत होता. तू नाय दिलास. तुझ्यापुढं दोन गडी आडवे आलते, तुला दिसलंच नाय, मना समजतं. माझ्या संगती पन झालंय.

मी बोललो, गंगे, हिनं चुकीचं दिलं. आता काय होनार? मागची पोरं उठली. कोनीतरी खुर्ची उचलली. मी पन उठलो, या वयात काय करनार होतो देव जाने. कॅप्टन तुझ्याकडं आला, हात वर करून एकदा बोलला, तू मान हलवून नाय बोललीस. तो तिथंच हुबा राहिला. मग मागं वळला, आपल्याच गावाच्या लोकांकडं बघून दोन्ही हात खाली केले, बसा बोलला. महादेवनं माइक घेतला. "मॅडमनी दिला, दिला. दोरीच्या आत कोनाचा पाय नको." खुर्ची उचललेल्यानं ती खाली ठेवली आन तिच्यावरच बसला. शिव्या घातल्या त्यांनी तुला, मी ऐकल्या, म्हंजे गंगाबायनं मना सांगितल्या. पन दोरीच्या आत कोन आलं नाय.

तू मना पत्रात इचारलं होतंस, निर्णय चुकीचा असता तर? तेव्हा मी त्याचा जवाब टाळला. मना वाटायचं पंचाला वाचवायचं म्हंजे त्यानं चुकायचंच नाय. चाळीस वर्सं मी तसाच जगलो. रोज बरोबर असायला लागायचं, नायतर मार.

सामना संपल्यावर आमी तुला शोधत होतो. गंगाबाय घाबरलेली. तर तू कुठं? त्याच गावच्या लोकांमधी, मंडपात, वडापाव खात. हरलेला कॅप्टन तुझ्या बाजूला, तुला हात करून करून सांगत होता, मॅडम, पाय वर होता माझा. तू बोललीस, असेल रे, नाय दिसला मना. आन त्यानं तुला अजून एक वडा दिला.

चुकलेला पंच हरलेल्या गावात बसून वडा खातोय, हे बघायलाच मी येवढी वर्सं जगलो असनार. घरी येईस्तवर रडलो मी, टमटममधी. गंगाबाय बोलली, लोक बघतात. मी बोललो, बघू दे.

काशिराम